चौथी बाजू

सकाळपासून इंद्रभानच्या पायाला भिंगरी लागली होती. देऊळगाव राजाच्या मोटार स्टँडवर तो दोन चकरा मारून आला. चिखलीकडची गाडी बाराच्या आत येत नाही हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती, टमाटे आणि वांगी घेऊन तो रोज त्याच स्टँडबाहेर बसत होता. घरी आला की चुलीपाशी घुटमळे. तिथून गोजरबाईनं हुसकलं की अंगणात जाऊन फळी पुन्हा राखेनं घासायला बसे.

फळी म्हणजे गोठ्याच्या जुन्या दाराचं सागवानी पान. कडूबा सुताराकडून त्यानं त्यावर रंधा मारून आणला होता, चिंच आणि राख लावून तीन वेळा घासलं होतं, तरी बायकोच्या मनातून गोठा काही जात नव्हता.

"ढोरायच्या दारावर जेवण ओतणार आन पाहुण्याले म्हणणार, खा," गोजरबाई म्हणाली. "पितळेची चार ताटं काय मी माहेराहून नुसती पाहाले आणली?"

"तिकडे असंच खातात."

"तिकडे खाऊ द्या ना. वीस वर्षं झाली, तिकडचंच सांगून राह्यले तुम्ही."

हे मात्र खरं होतं. दुसऱ्या महायुद्धात इंद्रभान पलटणीचा लांगरी, म्हणजे स्वयंपाकी, म्हणून इटलीला जाऊन आला होता, आणि तिथल्या एका जेवणाची गोष्ट त्यानं गावात इतक्यांदा सांगितली होती की लोक आता शेवट आधीच बोलून टाकत.

येणार होता तो तुळशीराम. इंद्रभानचा एकुलता एक मुलगा मोतीराम फौजेत ट्रक चालवायचा, आणि तुळशीराम त्याच ट्रकवरचा दुसरा ड्रायव्हर. मागल्या भादव्यात पाकिस्तानशी लढाई झाली, तेव्हा त्यांच्या ट्रकवर गोळा पडला. मोतीराम गेला. सरकारी तार आली, पत्र्याची पेटी आली, कलेक्टर कचेरीतून एक साहेब येऊन गेले. पण पोरगा तिथं कसा राहायचा, काय खायचा, कशाला हसायचा, हे सांगणारं कुणी आलं नव्हतं. आता सहा महिने इस्पितळात काढून तुळशीराम आपल्या गावी, वरवट बकालला, सुट्टीवर आला होता. त्यानं लिहिलं होतं, 'रविवारी येतो. मोतीरामच्या आईले भेटाचं आहे.' पत्राच्या शेवटी 'जयभीम' होतं. वाचून दाखवणाऱ्या मास्तरांनी तो शब्द जरा हळू वाचला, तरी तो घरात सगळ्यांना ऐकू गेला.

इंद्रभानची थोरली बहीण तानुबाई तेव्हा दारातच बसली होती. विधवा होऊन माहेरी आल्यापासून घरातली सगळी शिवाशिव तिच्या ताब्यात होती.  ती उठली, खिडकीतला कान तुटलेला कप आणि जर्मनची ताटली धुतली आणि ओट्यावर उपडी घातली. त्या घरात कुणी कुठं बसून कशात चहा प्यायचा हे कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं. कप खिडकीत असायचा आणि ज्याला घ्यायचा त्याला तो कळायचा.

इंद्रभानला फळीची आठवण करून दिली ती रेशननं. त्या साली ज्वारी बुडाली होती आणि दुकानात परदेशी पिवळा मका आला होता. बायका नाकं मुरडत होत्या, भाकरी थापताना फुटत होती, अर्ध्या गावानं तो मका बैलांना घातला. इंद्रभाननं चक्कीतून रव्यासारखा भरड दळून आणला, मूठभर हातावर घेतला, आणि बावीस वर्षांपूर्वीचं ते गाव त्याच्या नाकात उभं राहिलं.

उर्बिनो त्याचं नाव. डोंगराच्या माथ्यावर सगळं विटांचं शहर, राजवाड्याला दोन निमुळते मनोरे, आणि चढ असा की खेचरंसुद्धा उसासे टाकत. सिंदखेड राजाची जुनी बांधकामं पाहत मोठा झालेल्या माणसाला तिथं फार परकं वाटलं नाही. जर्मन हटले होते, पलटण आठ दिवस पायथ्याशी होती, आणि इंद्रभान कांदे-लसूण शोधायचं निमित्त करून रोज गल्ल्या चढायचा. एका खिडकीखाली पदर सुटलेली रोटी तव्यावर भाजताना दिसे. दुसरीकडे मेंढीच्या दुधाचे वाळवलेले गोळे फडताळात लावलेले असत. हिरवट तेल असे, त्याचा वास कच्च्या चिंचोक्यासारखा तुरट. खिडक्याखिडक्यांत तुळशीच्या जातीचं झाड, आणि ते लोक त्याची पानं खुशाल रश्श्यात टाकत. तो थांबे, बघे, हातानं विचारे, नाक लावून वास घेई. चव मात्र त्यानं कशाचीच घेतली नाही. कुणाच्या हातचं, कशात शिजलेलं, चरबी कशाची, देव जाणे.

सातव्या दिवशी असुंता नावाच्या म्हातारीनं त्याला हाताला धरून घरात नेलं. त्यानं तिला पलटणीचं पोतंभर पीठ दिलं होतं. तिनं आपल्या ज्वारीच्या घाट्यासारखा मक्याचा घाटा तासभर घाटला आणि ताटात न वाढता सरळ मोठ्या फळीवर ओतला. त्यावर टमाट्याचा लाल रस्सा. फळीच्या तीन बाजूंना म्हातारी, तिचा नवरा आणि मुलगी बसली. प्रत्येकानं आपल्या कडेनं खात खात मधे यायचं, ही तिथली रीत. चौथी बाजू तिच्या मुलाची, दिनोची. तो रशियाच्या बर्फात गेला तो आलाच नव्हता. म्हातारीनं चमच्यानं घाट्यावर रेघ ओढून इंद्रभानची जागा आखली आणि त्याला म्हणाली, बस.

गावात तो सांगायचा, "मंग काय, बसलो! चौघं एका फळीवर, गोरे आन मी!" लोक हसत, जांघेवर थाप मारत.

तो बसला नव्हता. एका फळीवर चौघांची बोटं, चौघांचं उष्टं, हे दिसलं आणि तो मागं सरला. त्यानं पिशवीतलं तामचिनीचं ताट काढून पुढं केलं. म्हातारीनं ताटाकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं, तिचं तोंड उतरलं, तरी तिनं ताट काठोकाठ भरून दिलं. तो उंबऱ्यात जाऊन पाठमोरा बसला. उठताना एकदाच वळून पाहिलं. तिघं खात खात मधे पोचले होते, आणि दिनोच्या बाजूचा घाटा तसाच पिवळा, अख्खा, कुणी हात न लावलेला. दुसऱ्या दिवशी पलटण हलली.

खोटं तो पहिल्यांदा बोटीवर बोलला. बोलल्यावर बरं वाटलं, म्हणून पुन्हा बोलला. घरी आल्यावर तानुबाईनं ती गोष्ट ऐकून त्याला तीन दिवस गोमूत्र पाजलं, आणि न खाल्लेल्या घासाचं प्रायश्चित्त त्यानं मुकाट्यानं घेतलं. त्यात त्याला हसू आलं नाही, आजही येत नव्हतं. मुलगा गेल्यापासून तर ती अख्खी राहिलेली बाजू त्याला जेवताना रोज दिसायची. असुंताचं तोंड तेव्हा तसं का झालं हे आता त्याला कळत होतं, आणि कळून करायला काहीच नव्हतं. म्हणून ही फळी. मोतीरामच्या बाजूला मोतीरामचा जोडीदार बसला पाहिजे, एकदा तरी. तो बसला नाही तर इंद्रभान वेडा होईल अशी अवस्था होती.

अकरा वाजता त्यानं आधण ठेवलं. उकळत्या पाण्यात मूठमूठ भरड सोडत तो चाटूनं घाटू लागला. टमाटे, लसूण आणि करडईच्या तेलाचा रस्सा गोजरबाईनं केला. तिकडच्यासारखी सब्जाची पानं मात्र तिनं त्यात टाकू दिली नाहीत.

"तो ओट्यावर बसल," तानुबाई म्हणाली. "मी त्याले काही कमी बोलणार नाही, इंद्रभान. पण मधल्या खोलीत नाही."

"मधल्या खोलीतच बसल."

"गोजर, तू सांग याले."

गोजरबाईनं चुलीत काटकी सारली. "मले फक्त त्याले विचाराचं आहे," ती म्हणाली. "तो कुठं का बसना."

घाट्याची खोड अशी की हात थांबला की गुठळी होते. बाराची गाडी आली, भोंगा ऐकू आला, आणि इंद्रभान चाटू धरून अडकला होता. सकाळपासून स्टँडवर नाचणारा माणूस नेमका त्या वेळी जाऊ शकला नाही. तो बाहेर आला तेव्हा तुळशीराम ओट्यावर बसलेला होता. पंचविशीतला, सडपातळ, मानेवर भाजल्याचा चकाकता डाग. हातात कान तुटलेला कप होता आणि चहा अर्धा पिऊन झाला होता.

"आत ये," इंद्रभान म्हणाला.

"बरं आहे काका इथं. हवा लागते."

"आत ये म्हणतो ना मी तुले!"

तो उंबऱ्यापर्यंत आला. इंद्रभाननं मधल्या खोलीत फळी मांडली, घाटा ओतला, तो वाफाळत पसरला, वर रस्सा घातला. मग चमच्यानं रेघ ओढली. रेघ वाकडी आली.

"ही मोतीरामची बाजू. बस."

तुळशीरामनं फळीकडं पाहिलं. मग कोपऱ्यात पदर आवळून उभ्या तानुबाईकडं पाहिलं. पिशवीत हात घातला आणि तामचिनीचं ताट काढून पुढं केलं.

"यात द्या, काका. मी तिथंच खातो. मले सवय आहे."

 इंद्रभानच्या हातानं आपसूक ताट भरलं, काठोकाठ. तुळशीराम ते घेऊन ओट्यावर गेला, दाराकडं पाठ करून बसला. दोन घास खाल्ले आणि थांबला. तोंड न वळवताच म्हणाला, "मोतीराम सांगे ते हेच का? इटलीचं?"

"काय सांगे तो?" गोजरबाई चुलीपासून उठून दारात आली.

"पहिल्या दिवशी मी ट्रकमधून उतरून चाकापाशी जेवाले बसलो, काकू. वरच चढव म्हणे ताट. मी म्हणलं, अबे, तुह्या घरी कळलं तर? तर म्हणे, माह्या बापानं इटलीत परक्या लोकायच्या फळीवर बसून खाल्लं, मी त्याचाच पोरगा. तवापासून एकच ताटली. इंजनच्या झाकणावर मधात ठेवू. तो चालवणारा, तर उजवीकडून खाये. मी डावीकडून." त्यानं ताट दुसऱ्या हातात घेतलं. "त्या दिवशी बी सकाळी तसंच खाल्लं आम्ही."

 गोजरबाईनं दाराची चौकट धरली होती.

"मी नाही खाल्लं," इंद्रभान म्हणाला.

कुणाला कळलं नाही. तो पुन्हा म्हणाला, मोठ्यानं. "मी बसलोच नाही त्या फळीवर. खोटं सांगे मी. त्या म्हातारीनं पोराची जागा देली आन मी तिच्यापुढं हेच ताट केलं, अस्संच. उंबऱ्यात बसून खाल्लं. तिचं उष्टं नको होतं मले."  "आन तू ताट काढतं ते आमच्यापायी. ह्या घरापायी. आन माहं पोरगं माह्या खोट्यावर भरवसा ठेवून..."  तो फळीपाशी मटकन बसला.

तानुबाईचं तोंड उघडं राहिलं होतं. "म्हणजे ते गोमूत्र..." ती पुटपुटली.

तुळशीरामच्या ताटात दोन घासांची खूण होती. गोजरबाई ओट्यावर गेली, वाकली, आणि ते ताट तिनं त्याच्या हातातून काढून घेतलं. त्याला वाटलं, चुकलं काहीतरी, तो उठून उभा राहिला. ती ताट घेऊन मधल्या खोलीत आली आणि सगळं, त्याच्या उष्ट्यासकट, चौथ्या बाजूच्या घाट्यावर पालथं केलं. रेघ बुजून गेली. मग ती तिथं, त्या बाजूला, मांडी घालून बसली. लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या आधी किंवा नवऱ्याबरोबर ती कधी जेवली नव्हती. तिनं तुळशीरामच्या अर्धवट घासाशेजारून घाटा उचलला आणि तोंडात घातला.

"ये," ती त्याला म्हणाली. "डावीकडे बस. उजवी माही."

तो आला. बसताना त्याचे गुडघे वाजले. दोघं शेजारी बसून खाऊ लागली आणि गोजरबाई रडत होती, पण हात थांबवत नव्हती. इंद्रभान आपल्या बाजूनं पाहत राहिला. पिवळी कड हळूहळू आत सरकत होती, खालचं सागवान दिसू लागलं होतं.

"मीठ तरी टाकलं का त्यात?" तानुबाईनं कोपऱ्यातून विचारलं.

इंद्रभाननं पहिला घास घेतला. घाटा निवला होता, आणि मीठ खरंच कमी पडलं होतं.