खुर्चीच्या पायांचे मोजे

खालच्या मजल्यावरच्या काकू एक दिवस जिना चढून वर आल्या आणि दारात उभ्या राहूनच म्हणाल्या, "काल तुमच्याकडे चार माणसं जेवायला होती ना? मी खालून मोजली." वर खुर्ची सरकली की त्यांच्या डोक्यावर करकर व्हायची.

वरच्या घरातल्या सुनेला सगळी इमारत ताई म्हणायची. पडदे, उशांचे अभ्रे, गाद्यांच्या खोळी असं शिवणकाम ती घरीच करायची. काकूंचं बोलणं तिला लागलं. त्याच दुपारी तिनं जाड फेल्टचे गोल तुकडे कापले, त्यांना ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या बाह्या जोडल्या, तोंडाशी इलॅस्टिक ओवलं आणि चार खुर्च्यांच्या सोळा पायांत ते चढवले. खुर्च्या मांजरासारख्या चालायला लागल्या. काकूंनी स्वतःसाठीही एक संच मागून घेतला, आणि ताईच्या मनानं घेतलं की हे ऑनलाइन विकायचं.

तिनं फोटो काढले, विक्रीच्या पानावर रंग लिहिला, किंमत भरली. शीर्षकाचा रकाना मात्र दोन दिवस अडला. शेवटी मोठ्या कौतुकानं तिनं लिहिलं, 'मृदुपाद – आपल्या घराला एक हळुवार स्पर्श'.

तीन आठवड्यांत ते पान नऊ वेळा उघडलं गेलं. त्यातल्या दोन वेळा ती स्वतः होती आणि एकदा तिची बहीण.

तिचे सासरे, आप्पा, तीस वर्षं हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर उभे राहिलेले. सुनेचं तोंड उतरलेलं पाहून त्यांनी फोन मागितला आणि डोळ्यांपासून लांब धरून वाचलं.

"मृदु... पुढे काय?"

"पाद. म्हणजे पाय, आप्पा. संस्कृतात."

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "संस्कृतात असेल. पण गिऱ्हाईक मराठीत वाचणार."

ताईला क्षणभर काही कळलं नाही. मग कळलं, आणि ती हातातल्या अभ्र्यात तोंड खुपसून इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं.

"आणि दुसरं," आप्पा म्हणाले, "दुकानात येऊन मला कुणी कधी म्हणालं नाही, की अहो, एक हळुवार स्पर्श द्या. लोक म्हणायचे, नळ गळतोय, त्यात बसवायचं ते द्या. दार आपटतं, त्याला लावायचं ते द्या. नाव कुणाला येत होतं? आम्ही ओळखायचो."

"मग याला काय म्हणत असतील लोक?"

"मला काय विचारतेस? लोकांना विचारू. घाल चपला."

पिशवीत चार नग टाकून दोघं बाहेर पडली. ताईला आधी संकोच वाटत होता. आपल्याला वेड लागलंय असं लोकांना वाटेल, असं तिच्या मनात येत होतं. पण कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं वस्तू हातात घेतली, उलटीपालटी केली आणि सहज म्हणाला, "खुर्चीचे बूट ना हे?" वाचनालयातल्या बाईंनी तर प्रश्न संपायच्या आत उत्तर दिलं. "खुर्चीचा आवाज बंद करायचं काहीतरी. कुठं मिळतं हो? मी कधीची शोधतेय." उपाहारगृहाचा मालक फरशीवर वाकून ओरखडे दाखवायला लागला. "खुर्चीच्या पायांच्या टोप्या," तो म्हणाला, "रबरी आणल्या होत्या, महिन्यात फाटल्या." बाकावर बसलेल्या एका आजोबांनी खुर्चीचे मोजे म्हटलं. शाळेच्या कार्यालयातल्या कारकूनबाईंनीही खुर्चीचे मोजेच म्हटलं, आणि किराणा दुकानदाराच्या बायकोनंसुद्धा.

ताई दुकानाच्या पावतीच्या मागे सगळं लिहून घेत होती. बाराव्या माणसानंतर ती फुटपाथवर मध्येच थांबली.

"आप्पा, बाराच्या बारा जणांनी खुर्ची हा शब्द वापरला."

"मग?"

"माझ्या शीर्षकात खुर्ची नाहीच आहे."

आप्पांची चाल वाढली. घरी पोचेपर्यंत ताई जवळजवळ पळतच होती.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोघं समोरासमोर बसली. आप्पांना सगळंच घालायचं होतं. त्यांनी कागदावर एका दमात लिहिलं: खुर्ची टेबल स्टूल मोजे बूट टोपी उत्तम टिकाऊ स्वस्त आणि मस्त.

"ही जत्रा झाली, आप्पा," ताई म्हणाली. "हे बघा, फोनवर पहिले पाच-सहा शब्दच दिसतात, पुढे नुसते तीन ठिपके. कामाचं ते सगळं आधी यायला हवं." तिनं पेन्सिल घेतली. कापड बेतताना यायची तशी तंद्री तिला लागली होती. टेबल गेलं, स्टूल गेलं. बूट आणि टोप्या खालच्या माहितीत गेल्या.

"'उत्तम' राहू दे की."

"ते गिऱ्हाईकानं म्हणायचं. आपण म्हणून काय उपयोग?"

आप्पांनी हे निमूट मान्य केलं, पण लगेच बोट टेबलावर आपटलं. "माप कुठाय? माप न सांगता विकलेली वस्तू दुसऱ्या दिवशी काउंटरवर परत येते." ताईनं उठून मोजपट्टी आणली, मोजा ताणून पाहिला. तीन सेंटिमीटरपासून चारपर्यंत नीट बसत होता.

शेवटी उरलं ते असं: 'खुर्चीच्या पायांचे मोजे, आवाज व ओरखडे थांबवणारे, गोल पाय ३ ते ४ सेंमी, १६ नग, करडा रंग'.

"यात काव्य काहीच नाही," ताई जरा खट्टू होऊन म्हणाली.

"खुर्ची सरकवून पाहा, मग बोल," आप्पा म्हणाले.

अकरा वाजता तिनं बदल जतन केला. दीड वाजता, पोळपाटासारख्या गोल उशीला गोट लावत असताना फोन वाजला. पहिली मागणी. ताईनं मशीनचं चाक हातानं थांबवलं आणि हाक मारली, तर आप्पा आधीच मागे उभे होते. तीन वाजता दुसरी आली. संध्याकाळपर्यंत चार. दुसऱ्या दिवशी सकाळी पान एकशे चाळीस जणांनी पाहिलं होतं, आणि आप्पा दर दहा मिनिटांनी आकडा विचारायला येत होते, जणू निवडणुकीची मतमोजणी चालू आहे.

तीन जणांनी विचारलं, चौकोनी पायाला बसतील का. ताईनं तिसरा प्रश्न वाचला आणि सरळ कात्री उचलली. चौकोनी पायांसाठी वेगळं पान, वेगळं माप, वेगळं शीर्षक. या वेळी ते लिहायला दोघांना वीस मिनिटं लागली, भांडण फक्त एकदा झालं.

आठवड्यानंतर एका बालवाडीनं चाळीस छोट्या खुर्च्यांसाठी मागणी केली. पण ताईला त्याहून मोठा वाटला तो एका अनोळखी बाईचा निरोप. तिनं तो आप्पांना मोठ्यानं वाचून दाखवला. "दोन वर्षं हेच शोधत होते. याला काय म्हणतात तेच ठाऊक नव्हतं. काल रागानं टाइप केलं, खुर्चीचे मोजे मिळतात का, आणि तुमचं पान समोर आलं."

आप्पांनी फोन हातात घेऊन तो निरोप स्वतः पुन्हा वाचला, सावकाश, एकेका शब्दावर बोट ठेवत. काउंटर सोडून त्यांना चार वर्षं झाली होती. ते उठले, त्यांनी पुठ्ठ्याच्या खोक्यातून सोळा नग मोजून बाजूला काढले आणि म्हणाले, "हिचं पाकीट मी बांधतो."

ताईनं मशीनला नवा दोरा ओवला. बालवाडीच्या पहिल्या दहा खुर्च्यांचे मोजे जेवणाआधी शिवून संपवायचे होते.