कॅमेरा तीन नाही म्हणाला

फ्रीलान्स म्हणे! किती गोड शब्द. अर्थ एवढाच, की फोन आला तर तुम्ही कॅमेरामन, नाही आला तर घरात बसून माश्या मारा. घोडपदेवची मनवा कित्येक वर्षं या फोनच्या तालावर नाचत होती. या वेळी मात्र डायरेक्टर पुष्करने शब्द दिला होता. परळची कबड्डी लाइव्ह नीट पार पाड, पुढच्या लीगचा अख्खा सीझन तुझा. अख्खा सीझन म्हणजे काय, ते फोनकडे बघत दिवस काढलेल्यालाच कळेल.

तिचे वडील रमाकांत, रिटायर्ड कारकून, तिचं प्रत्येक लाइव्ह टीव्हीला नाक लावून बघायचे. लेक कुठे दिसायची नाही, म्हणून घरी आल्यावर विचारायचे, "मनू, यातलं तुझं कुठलं?"

मनवाकडे कॅमेरा तीन, खांद्यावर घेऊन मैदानाच्या कडेने फिरायचा. पुष्कर बाहेरच्या व्हॅनमध्ये एसीत बसून सगळ्यांच्या कानात बोलायचा. उलट बोलायला कॅमेरावाल्यांना माइक नव्हता. बिघडलाय म्हणे, आणि तो कायम बिघडलेलाच असायचा. मग उत्तर द्यायचं कॅमेऱ्याने. वर-खाली हलवला की हो, डावीकडे-उजवीकडे हलवला की नाही. तेही लाल दिवा विझलेला असताना, कारण दिवा लागला म्हणजे तुमचंच चित्र घरोघरी चाललंय. मनवाने आजवर फक्त वर-खाली हलवला होता. नाही म्हणणाऱ्याला परत कोण बोलावतंय!

दुपारी पहिल्या रांगेत तिला ललिताबाई भेटल्या. मुलगा उन्मेष लालबागच्या संघाचा चढाईपटू, त्यामुळे बाई नवी साडी नेसून आल्या होत्या. मनवाच्या हातावर खोबऱ्याची वडी ठेवून म्हणाल्या, "तोंड बरा दिसला नाय तर दाखवू नको हां गो." मनवाने हसत हसत कबूल केलं.

दुसऱ्या डावात उन्मेष चढाईला गेला आणि चार-पाच जण एकदम त्याच्या अंगावर कोसळले. बाकीचे उठले, उन्मेष उठला नाही. डॉक्टर धावले. सगळं मैदान चिडीचूप झालं.

पुष्कर मात्र खडबडून जागा झाला. "तीन, आईकडे पळ. चेहरा टाइट घे, फ्रेमभर."

मनवा पळाली. सवय मेली, पाय आधी निघतात. ललिताबाईंनी पदर तोंडावर ओढून घेतला होता आणि एक हात कॅमेऱ्यासमोर धरून त्या नको नको करत होत्या. मनवाने कॅमेरा खाली जमिनीकडे वळवला.

"खाली बस आणि पदराखालून घे," पुष्कर कानात म्हणाला. "तू बाई आहेस, तुला ती हाकलणार नाही."

मनवाच्या मस्तकात तिडीक गेली. म्हणजे याचसाठी घेतलं होतं होय तिला! मनवाचं काम, मनवाची नजर, असं इतके दिवस पुष्कर जे कौतुक करत होता, ते रडणाऱ्या बायांच्या जवळ जायला मिळावं म्हणून. तेवढ्यात लाल दिवा लागला. तिला चित्र द्यावंच लागावं म्हणून त्या नालायकाने मुद्दाम तिला ऑन एअर घेतलं होतं. घराघरात लोकांना ललिताबाईंच्या चपला दिसत होत्या. मनवाने दात-ओठ खाऊन कॅमेरा हलवला, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे.

पुष्करने एक सणसणीत शिवी हासडली आणि हुकूम सोडला, "नॉर्मन, लेन्स लांबची आहे तुझी. तू घे आई."

नॉर्मन समोरच्या मचाणावर होता. गिरगावचा नॉर्मन, ज्याने तिला कॅमेरा धरायला शिकवला. तो नाही म्हणेल असं तिला वाटलं होतं. पण त्याची लेन्स सावकाश इकडे वळली, आणि तिला पुष्करपेक्षा त्याचाच जास्त राग आला. नॉर्मनलाही फोन हवा असतो, हे कळत होतं म्हणून आणखीच आला.

क्रूची सावलीसुद्धा चित्रात येता कामा नये, हा पहिला धडा नॉर्मननेच दिला होता. मनवाने कॅमेरा खाली ठेवला. ललिताबाईंच्या समोर गेली, नॉर्मनकडे पाठ केली आणि दोन्ही हात पसरून उभी राहिली. महाराष्ट्राने तिच्या काळ्या टी-शर्टची घामाने भिजलेली पाठ बघितली.

पुष्कर व्हॅनमधून धावत आला. सीझन विसर, या लाइनमध्ये तुला कोण उभं करतं ते बघतोच, असं सगळ्यांदेखत बोलला. मनवाने कानातला इअरफोन काढून त्याच्या हातात ठेवला.

"त्या बाईने नको म्हटलं होतं, पुष्कर. व्हॅनमध्ये एवढे स्क्रीन लावून बसतोस, त्यात तेवढंच दिसलं नाही तुला?"

स्ट्रेचरवर उन्मेषने डोळे उघडले, बोटं हलवली. ललिताबाई त्याच्यामागे धावल्या. मनवाकडे त्यांनी वळूनही बघितलं नाही, आणि का बघावं?

ती चालतच घरी निघाली. लालबागच्या पुलाखाली वडिलांचा फोन आला.

"मनू, पाठ बघितली तुझी."

"सीझन गेला, बाबा."

पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता. तो त्यांनी बंद केला.

"गेला तर गेला मेला," रमाकांत म्हणाले. "आज मला विचारावं लागलं नाही, यातलं तुझं कुठलं ते. ये घरी."