फसवा दिवा

भिंगं घासायच्या चाकावरचा दिवा त्यानं खाली ओढला आणि कार्ड त्याच्या उजेडात तिरकं धरलं. प्लास्टिकच्या कव्हरच्या कोपऱ्यात चंद्रकोरीसारखी एक बारीक खूण होती. नखाची. दुसऱ्या कार्डावर तशाच दोन कोरी. तिसऱ्याचा खालचा कोपरा किंचित मुडपलेला. खेळाच्या कार्डांचा सगळा डेक त्यानं असा दिव्याखालून नेला आणि मग हातातलं फडकं बाजूला ठेवून तो स्टुलावर बसला. धुक्याच्या कार्डांना एक कोर, घुबडांना दोन आणि फसव्या दिव्यांना मुडपलेला कोपरा. ज्याला माहीत असेल त्याला पाठीवरून पोट कळावं, अशी सोय कुणीतरी केली होती.

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत त्याची उभी हयात गेली होती. पुढे मालक गिऱ्हाइकाला फ्रेमा चढवून आरसा दाखवायचा, मागे हा काचा घासायचा. कार्डांच्या दुकानात, जिथं दर रविवारी सामने व्हायचे, तिथं त्याला भिंगवाला म्हणत. त्या खेळात ज्यानं त्यानं आपला डेक आपणच जुळवून आणायचा असतो. याचा डेक धुक्याचा. हळू, मुका, चिवट. समोरच्याला वाटावं काहीच होत नाहीये, आणि धुकं विरेपर्यंत त्याचं सगळं गेलेलं असावं. हा डेक त्यानं काचेसारखाच घासत आणला होता. एक कार्ड काढायचं, एक घालायचं, खेळून बघायचं, पुन्हा काढायचं. एवढं करूनही गेले तीन रविवार तो एकाच बाईकडून हरला होता.

ती औषधांच्या दुकानात काम करायची, म्हणून औषधवाली. तिचा डेक होड्यांचा. या तिन्ही वेळा तिच्या होड्या अशा निघाल्या, जणू धुक्यात काय दडलंय ते तिला कुणी आधीच कानात सांगितलं होतं.

डेकला हात लावणारी माणसं दोनच. एक हा, दुसरा याचा साडू. मोठ्या मेव्हणीचा नवरा, पाट्या रंगवणारा. दर बुधवारी दोघं याच्या घरी बसून डेक घासायचे, ‘घासणं’ हा शब्द साडूचाच. मग साडू तो डेक घरी न्यायचा, आपल्या डेकशी झुंजवायचा आणि शनिवारी परत आणून द्यायचा.

त्या बुधवारी साडू आला आणि भिंगवाला पहिल्यांदाच त्याच्याकडे परक्यासारखं बघत बसला. साडू नजरेला नजर देत नव्हता. याच्याशी बोलताना याच्या कानामागच्या भिंतीकडे बघत होता. किती दिवस झाले याला? आठवेना. कार्ड टाकलं की साडू म्हणायचा, "नाव मोठ्यानं घे रे, त्याशिवाय मजा येत नाही." ही मजाही अलीकडचीच. अंधारून आलं की उठायची घाई, तीही अलीकडची. आणि हातात कार्ड घेतलं की त्याचा अंगठा कोपऱ्यावरून फिरायचा. माया करावी तसा.

कव्हरांचा विषय भिंगवाल्यानं काढलाच नाही. चहा संपता संपता सहज म्हणावं तसं म्हणाला, "भाऊ, मी फसवे दिवे काढून टाकतोय. तिन्ही. त्या जागी भरतीची कार्डं घालतो."

साडूचा चेहरा उजळला. हे तो वर्षभर सांगत आला होता. "सुचलं एकदाचं. अरे, धुक्याला पाणी लागतं. दिवा कशाला हवा?"

"कुणाला बोलू नका मात्र."

"मी कुणाला बोलणार?" साडू भिंतीकडे बघून हसला.

तो गेल्यावर बायको कपबश्या उचलत म्हणाली, की भावजी हल्ली तोंडाकडे बघून बोलत नाहीत. ताईचाही फोन होता. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी बाहेर जातात, कुठं ते सांगत नाहीत. पाट्यांची कामंही बंद केलीत, म्हणतात आता सगळं मशीनवर छापतात, हाताला कोण विचारतो. "काहीतरी लपवताहेत," ती म्हणाली, "आणि तुम्हाला ठाऊक असणार. साडू साडू एका माळेचे मणी."

भिंगवाला म्हणाला, मला काय ठाऊक असणार. तिला ते पटलं नाही, आणि घरातही संशयाला एक पाट मांडला गेला.

शनिवारी डेक हातात आल्यावर त्यानं सगळी कव्हरं बदलली. नवी, कोरी, एकही ओरखडा नसलेली. फसवे दिवे होते तिथंच ठेवले. आता पाठीवर खूण नव्हती. आता तिला काही कळलंच, तर ते तोंडातून गेलेलं असणार.

रविवारचा सामना मोठा होता. जिंकणारा बाहेरगावच्या शेवटच्या फेरीला जाणार होता. औषधवालीनं पत्ते पिसले, याच्या कव्हरांकडे बघितलंसुद्धा नाही, आणि चौथ्या डावाला आपल्या सगळ्या होड्या एकदम धुक्यात सोडल्या. फसव्या दिव्याची धास्ती असलेला खेळाडू असं कधी करत नाही. दिवा लागला की होड्या खडकावर जातात, हे त्या खोलीत सगळ्यांना पाठ होतं.

त्यानं दिवा टाकला. मग दुसरा. टेबलाभोवती उभ्या माणसांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. तो जिंकला होता, आणि तोंडात कडू औषध रेंगाळावं तसं त्याला झालं होतं.

औषधवाली शांतपणे कार्डं गोळा करत म्हणाली, "हे तर काढले होते ना तुम्ही?"

"कोण म्हणालं?"

"तुमचे साडू."

इतक्या सरळ उत्तराची त्यानं तयारी केली नव्हती. त्यानं आवाज खाली आणून विचारलं, की किती दिवस चाललंय हे. तिला प्रश्नच कळला नाही.

"कार्डं वाचून दाखवायचं? झालं की वर्ष. आमच्या फ्रिजमधून त्यांची डोळ्यांची इंजेक्शनं जातात. एकदा खिशातून कार्ड काढून म्हणाले, एवढं वाचून दाखवतेस का, बारीक अक्षर आहे. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा येतात. मी वाचते, ते पाठ करतात. हल्ली मग बोलतही बसतात. तुमच्याबद्दलच बोलतात, दुसरं काय बोलणार? या आठवड्यात तर फार खुशीत होते. म्हणाले, ऐकलं त्यानं माझं." तिनं आपला डेक डबीत घातला. "मी ऐकायला नको होतं, हे मात्र खरं. खेळताना ते डोक्यातून जात नाही."

"डोळ्यांना काय झालंय?"

आता तिनं त्याच्याकडे पाहिलं. "पडदा गेलाय. बरोबर मधोमध. समोरचं दिसत नाही, कडेचं थोडं दिसतं, म्हणून तिरके बघतात." मग जरा अवघडून म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. त्यांचा चष्मा तुम्हीच केलाय ना?"

केला होता. मोठ्या हौसेनं केला होता. गेल्या वर्षी साडू म्हणाला होता की जरा धूसर दिसतं, तर यानं काचा पुन्हा घासून दिल्या आणि विचारलं, आता? साडू याच्या कानामागं बघत म्हणाला होता, "आता झकास. तुझ्या हाताला तोड नाही." आणि हा खूश होऊन दिवा मालवून घरी गेला होता.

बुधवारी तो दुकानातून लवकर निघाला. मेव्हणीला फोन करावा असं वाटलं, केला नाही. ते साडूनं सांगायचं होतं. जेवणाच्या टेबलावर बसून त्यानं नव्या कव्हरांतली कार्डं एकेक करून बाहेर काढली आणि जुन्या खुणांच्या कव्हरांत परत घातली. धुकं एका कोरीत, घुबड दोन कोरींत. तिन्ही फसवे दिवे काढून खणात टाकले. त्या जागी भरती घेतली. भरतीसाठी तीन नवी कव्हरं काढली आणि अंगठ्याचं नख कोपऱ्यात दाबलं. तीन कोरी, एकीखाली एक. पहिल्या कव्हरावर त्या वाकड्या आल्या.

साडू आला. चौकटीला हात लावून आत आला, आणि ती चौकट त्याचा हात किती वेळ धरून ठेवते, हे याला आज दिसलं. बायकोनं चहा ठेवला. यानं कप उचलून साडूच्या हातातच दिला.

कार्डं वाटली. साडूचा अंगठा कोपऱ्यांवरून फिरत गेला. एक कोर, दोन कोरी, एक. आणि थांबला. मागे आला. पुन्हा फिरला. स्वयंपाकघरात नळ वाहत होता तेवढाच आवाज.

"भरती का?"

"भरती."

साडूनं त्या तीन कोरींवरून अंगठा पुन्हा एकदा नेला. मग म्हणाला, "नख काप रे. फार खोल जातंय."

बाहेर उजेड उतरत होता. बायको दिवा लावायला आली, तर भिंगवाल्यानं मान हलवून नको म्हटलं. ती दारात जरा उभी राहिली आणि परत गेली. साडूला आज उठायची घाई नव्हती. अंधार टेबलावर चढत आला, तसे दोघांचे अंगठे कोपऱ्यांवरून हळूहळू चालत राहिले.

"धुकं," भिंगवाला मोठ्यानं म्हणाला आणि कार्ड टाकलं.

साडूनं हात पुढे करून ते चाचपलं. "घुबड आहे," तो म्हणाला. "उचल. पुन्हा बघ."