पाठ न वाचलेला तक्ता

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे. प्लॅस्टिकमध्ये बसवलेला, कोपरे पिवळे पडलेला. हृदयाच्या तपासणीच्या खोलीत, संगणकाच्या वर, मी एकवीस वर्षं भिंतीला पाठ लावून काढली.

तुमच्या हृदयाला चेतातंतू हुकूम देतात: पळ, आता सावकाश. हे तंतू धड आहेत का ते पाहायला रक्तात किंचित किरणोत्सारी औषध टोचतात आणि कॅमेऱ्याने दोनदा चित्र काढतात. एक थोड्या वेळाने, दुसरं चार तासांनी. निरोगी तंतू औषध मुठीत धरून ठेवतात, आजारी तंतूंच्या हातून ते निसटतं. किती निसटलं म्हणजे आजार, ते आकडे माझ्यावर होते. डॉक्टर मान वर करून मला बघत आणि निकाल लिहीत. मी फुगलो होतो, खोटं कशाला बोलू?

एकदा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक आजी आल्या. त्यांना चक्कर येत होती. घरी धाकटी बहीण अंथरुणाला खिळलेली. तिचं उठवणं-बसवणं, न्हाऊ घालणं, सगळं यांच्याकडे.

"आजी, हलू नका," तपासणाऱ्या ताई म्हणाल्या.

"मी कुठे हलते? जीभ तेवढी हलतेय. लवकर आटप गं, धाकटी उपाशी असेल."

दोन चित्रांच्या मधल्या वेळात त्या घरी जाऊन तिला भरवून आल्या. धापा न टाकता.

दुसरं चित्र फिकट आलं. माझ्या आकड्यांप्रमाणे ते हृदय आजारी होतं.

"आता वजन उचलायचं नाही," डॉक्टर म्हणाले.

"धाकटी म्हणजे काय वजन आहे का हो? मूठभर हाडं."

"तीसुद्धा नाही."

धाकटीला शुश्रूषागृहात ठेवलं.

ताईंच्या मनातून मात्र त्या धापा न टाकणाऱ्या आजी जाईनात. त्यांनी धडधाकट म्हाताऱ्यांची जुनी चित्रं काढून पाहिली. बरीचशी तशीच फिकट. वय झालं की आजार नसतानाही तंतूंची मूठ सैल होते. मग त्यांनी मला भिंतीवरून काढून उलटं केलं. पाठीवर बारीक अक्षरांत होतं: हे आकडे तीस ते पन्नास वयाच्या माणसांवरून घेतले आहेत.

आजींना बोलावलं. चक्कर रक्तदाबाच्या गोळीची निघाली.

"तुमचं हृदय वयाला शोभेल असंच आहे," डॉक्टर खाली बघत म्हणाले. "बहिणीला घरी आणा."

आजी पिशवीचे बंद सारखे करत राहिल्या.

"ती गेली. तीन आठवडे झाले. आता मी कुणाला उचलू?"



आता माझ्या जागी वयाचे रकाने असलेला नवा तक्ता आहे. मी कपाटामागे पडून असतो. मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. पण म्हाताऱ्या माणसाला मापायला निघाल तेव्हा हातातली पट्टी कुणाच्या मापाची आहे, ते आधी विचारा. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.