खानदानी शालू

"टोपलं सोड, न्हाईतर तुजा हात मोडीन," गोजरा गेटवर ओरडत होती. हौसेराव वॉचमनने तिचं भांड्यांचं टोपलं एका हाताने धरून ठेवलं होतं. ओढायची त्याची हिंमत नव्हती आणि सोडायची परवानगी नव्हती.

अस्मिता तिसऱ्या मजल्यावरून चपला न घालताच खाली आली. कोपरखैरण्याच्या या सोसायटीत गोजरा बावीस वर्षं येत होती. सकाळी दिघ्याहून निघायची, डोक्यावर स्टीलची भांडी, खांद्याला जुन्या कपड्यांचं गाठोडं. कपडे द्या, भांडी घ्या. अस्मिताचा अख्खा धंदा त्याच गाठोड्यातून निघाला होता. आधी नुसता नाद होता. तुर्भ्याच्या कंपनीत दिवसभर बिलं टाईप करायची आणि रविवारी गोजराचं गाठोडं उलथंपालथं करायचं. फुग्याच्या बाह्यांची पोलकी, खणाच्या चोळ्या, कुणाच्या तरी आईच्या कॉलेजातल्या जॉर्जेट साड्या. गोजराला रोख पैसे द्यायचे, रिठ्याने धुवायचं, रफू करायचं, नेसून मिरवायचं. मग इन्स्टाग्रामवर 'परकर-पोलकं' नावाचं पेज काढलं आणि चार महिन्यांपूर्वी नोकरीला लाथ मारली. आता घर त्या पेजवर चालत होतं.

"काय झालं मावशी?"

"चोर म्हनतीया मला! ती बघ, ती!"

पार्किंगमध्ये गीतांजलीकाकू पदर खोचून उभ्या होत्या. शेजारी त्यांचे यजमान, सोसायटीचे सेक्रेटरी सुधीरकाका. त्यांनी मोबाईल अस्मिताच्या तोंडासमोर धरला. पडद्यावर तिच्याच पेजवरचा मोरपंखी शालू होता.

"हा तू विकायला काढलायस?"

"हो काका."

"पदरावरचं हे भोक बघ. माझ्या मुंजीत होमातली ठिणगी उडाली होती. माझ्या आईचा लग्नातला शालू आहे हा! आणि खाली काय लिहिलंयस? 'कोल्हापूरच्या एका खानदानी घराण्याच्या फडताळातून.' आम्ही कोल्हापूरचे कधी झालो? आम्ही रोह्याचे!"

"मी तर सासूबाईंच्या कपाटाला हातसुद्धा लावला नव्हता," काकू म्हणाल्या. "ही आली होती दारात. मी पाणी आणायला आत गेले, तेवढ्यात उचलला असणार."

"आजपासून सहाही बिल्डिंगांत हिला बंदी," काका म्हणाले. "आणि मी पोलिसांत जातोय."

शालू दिला त्या दिवशी अस्मिता जिन्यात बसलेली होती. गाठोड्यात काय पडतंय यावर घारीसारखी टपून. गोजराने शालूच्या टोकाचा जरीचा एक धागा ओढला, काडी पेटवून जाळला आणि राहिलेला पांढरा मणी काकूंच्या नाकाखाली धरला. "बाई, चांदीची जर हाय. भांड्यावर घालवू नका, पस्तावाल." म्हातारी सासू जाऊन महिनाही झाला नव्हता. काकूंनी नाक मुरडलं होतं. "ने गं बाई, ने. कपाटाला म्हातारीचा वास मारतो. पण या दोन पातेल्यांवर एक डबा वाढव."

एवढं सांगितलं की संपलं. पण सांगायचं म्हणजे कोल्हापूरचं घराणं खोटं हेही कबूल करायचं. सुरुवातीला तिने एका पोलक्याखाली खरं लिहिलं होतं, 'बोहारणीकडून घेतलेलं'. कॉमेंटी आल्या: ईईई. मेलेल्यांचे असतात ना ते? तीन ऑर्डरी त्याच दिवशी रद्द. त्याच बायका परदेशातल्या कुणा अनोळखी माणसाचा उतरलेला कोट 'प्री-लव्ह्ड' म्हणून मिरवतात, तेव्हा त्यांना वास येत नाही. तेव्हापासून अस्मिताने कोल्हापूर, इंदूर, बडोदा, हवी तेवढी संस्थानं उभी केली. रफूला 'जपलेली जखम' म्हटलं. आणि बाया तुटून पडल्या.

"सांग की पोरी," गोजरा म्हणाली. "तू हुतीस ना जिन्यात?"

अस्मिता गप्प राहिली. फार नाही, चार श्वास. गोजराने ते चारही मोजल्यासारखं तिच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"बघा, तीच काही बोलत नाही," काकू म्हणाल्या. "आणि ही भांडी तरी हिने कुठून आणली, देव जाणे."

तिथे अस्मिताचं डोकं फिरलं.

"काकू, तोंड सांभाळा! शालू तुम्ही दिलात. माझ्या डोळ्यांदेखत. हिने जर जाळून दाखवली, देऊ नका म्हणाली. तुम्ही दोन पातेली घेतलीत, वर भांडून डबा घेतलात. डबा! सासूच्या लग्नाच्या शालूवर!"

"तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार गं? खानदानी घराणं तूच लिहिलंस ना?"

"लिहिलं. खोटं लिहिलं. बोहारीण म्हटलं की तुमच्यासारख्यांना ओकारी येते म्हणून लिहिलं. लाज मला वाटायला पाहिजे, वाटतेय. तुम्हाला वाटते का? कपाटाला म्हातारीचा वास मारतो म्हणालात, आणि चोर ही?"

सुधीरकाका बायकोकडे वळले. चोरीचं ते विसरूनच गेले. "वास मारतो म्हणालीस?"

काकूंनी खोचलेला पदर सोडला. काका लिफ्टकडे चालू लागले, त्या मागे. माफीबिफी कुणी मागितली नाही. हौसेरावने टोपलं सोडलं आणि हात पँटला पुसले.

"सॉरी मावशी."

"आदी का न्हाई बोललीस?"

अस्मिता टोपल्यातली कलंडलेली पातेली सरळ करू लागली.

"ते मोबाईलात काय लिवलंयस, वाच."

तिने वाचलं. घराणं, फडताळ, जपलेली जखम, सगळं.

"म्हंजी मी बावीस वरसं उनातान्हात हिंडले, ती कुठं गेली? कोल्हापूरला?" गोजरा थुंकली. "पूस ते. आत्ताच्या आत्ता. माज्यासमोर."

अस्मिताने गेटवर उभ्या उभ्या मजकूर पुसला आणि मोठ्याने म्हणत नवा टाईप करू लागली. "हा शालू दिघ्याच्या गोजराबाईंना कोपरखैरण्यात मिळाला..."

"मिळाला? रस्त्यात पडला व्हता का? इकत घेतला, लिव. दोन पातेली नि एक डबा देऊन इकत घेतला."

तिने तसंच लिहिलं आणि टाकलं. पाच मिनिटांत फोन वाजायला लागला. शालू बुक केलेल्या बाईने ऑर्डर रद्द केली होती. आणखी दोघींनी विचारलं होतं, आमच्या साड्यापण अशाच का?

"काय म्हनत्यात?"

"नको म्हणतायत."

"तुजं तू निस्तर." गोजराने चुंबळ डोक्यावर ठेवली. "माजं नाव नीट घातलंस का? नुसतं गोजरा नगं. गोजरा छप्पन्न असत्याल दिघ्यात. आडनावासकट घाल."

अस्मिताचा अंगठा पडद्यावर थांबला. आठ वर्षं ती या बाईच्या गाठोड्यात हात घालत होती.

"काय आडनाव, मावशी?"

"आत्ता इचारतीस?" गोजरा म्हणाली.