लाल खिडकीतला आकडा

मित्रांनो, मी घडीचा एक जुना कॅमेरा आहे. माझी हकिगत ऐकण्याजोगी आहे का, याची मला खात्री नाही. पण सांगितली नाही, तर तीही माझ्याबरोबर गंजेल.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. बटण दाबलं की झाकण उघडतं आणि काळा चामडी भाता ताणत माझं भिंग पुढे येतं. मिटलो की कोटाच्या खिशात मावतो. एका रोलवर फक्त आठ फोटो निघतात. कितवा चालू आहे, तो आकडा माझ्या पाठीवरच्या लाल काचेच्या खिडकीतून दिसतो. रोल नसेल, तर तिथे नुसता काळोख.

देवळाली प्रवरा गावच्या रंभाजीने मला सायकलवरून गावोगाव नेलं. लोक म्हणत, "रंभाजीचा फोटू म्हंजी मानूस आता बोलंल!" मला अभिमान वाटे. मात्र पोरं हट्टाला पेटली, की तो रोल नसतानाही खटका वाजवायचा. पोरं खूश व्हायची. मीही निमूट वाजायचो.

एका सकाळी त्याची आजारी आई धुतलेलं लुगडं नेसून दारात बसली. "रंभा, माजा एक काढ रं. माजा कुटंच न्हाई."

रोल संपला होता. उद्या राहुरीहून आणू, असं मनाशी म्हणत त्याने रिकामाच खटका वाजवला. ती हसली. दुसऱ्या दिवशी ती गेली.

त्याची धाकटी बहीण भामाबाई आईचा फोटो मागू लागली. रंभाजीला खरं सांगवेना. "रोल पुरा झाला की धुऊ. तवर उघडू नगं, उजेडानं जळतोय." त्यानंतर त्याने मला हातात धरलं नाही. तो वारला, असले रोल धुणारे स्टुडिओही बंद पडले. भामाबाईने मला आईच्या त्याच लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवलं.

परवा तिची नात वृषाली जुने कॅमेरे जमवणाऱ्या करणला घेऊन आली.

"आजी, रोल मी धुऊन देतो," तो म्हणाला. "फोटो तुमचा, कॅमेरा माझा. नवा भाता घालतो, पुन्हा चालेल."

"आई दिसली की घेऊन जा बाबा. मला मेलीला काय उपेग त्येचा?"

"बघ हं, आजी," वृषाली हसली, "मग रडशील कॅमेऱ्यासाठी!"

पुन्हा चालायचं! मित्रांनो, मी हरखलो. करणने मला उजेडाकडे धरलं आणि लाल खिडकीत डोळा लावला. आकडा नव्हता, नुसता काळोख.

"हाय ना रं आई?"

करणने तिच्याकडे पाहिलं. "आहे, आजी. पण भाता कुजलाय. आता रोल काढायला गेलो तर उजेडाने जळेल. राहू द्या आतच."

तो रिकाम्या हातांनी गेला. भामाबाईने मला पुन्हा गुंडाळलं. "नीज, आये," म्हणाली आणि पेटी लावली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सांगायची रीत आहे. मला तर फार जपलंय. एवढंच मागतो: कुणाला खोटा खटका ऐकवू नका. आणि भामाबाई आहे तोवर माझी पाठ उघडू नका. आत कुणीच नाही.