राहीचा राब

माझी धाकटी जाऊ राही. तिला बघून सहा वर्षं माझ्या पोटात दुखतंय आणि त्याला औषध नाही.

वाटण्या झाल्या तेव्हा सापगावाजवळची ओढ्याकाठची भाताची खाचरं आम्हाला आली, कारण माझा नवरा पंढरी थोरला. धाकट्या विठूला वरचा माळ. नुसता दगड. विठू कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर, आठवड्याने घरी येणारा. मी मनात म्हटलं, बसा आता दगड चाटत.

पण ही बया बसली कुठे? दगड वेचून तिने बांध घातले. ओढ्यातला गाळ पाटी पाटी करून डोक्यावरून माळावर नेला. पौषात आम्ही सगळ्या म्हशाच्या जत्रेला जायचो, बांगड्या भरायचो, पाळण्यात बसायचो. परत यावं तर ही ऐनाच्या झाडावर चढून राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, फांद्या तोडत असायची. पाच वर्षं तिने जत्रा पाहिली नाही. मी तिला चिडवायची, "काय गो, झाडावरून जत्रा दिसते का?" ती हसायची. ते हसणंसुद्धा मला खपायचं नाही.

पाचव्या वर्षी माळावर भात आलं. सासूबाई चार बायकांत म्हणाल्या, "राहीच्या हाताला गुण हाय." तिच्या हाताला गुण, मग माझ्या हाताला काय खरूज?

पुढच्या चैत्रात तिचा राब रचून तयार होता. खाली शेण, वर वाळलेल्या फांद्या, त्यावर गवत, मग माती. सासूबाईंनी आम्हा दोघींना हाताला धरून शिकवलं होतं, की राब सकाळी वारा मंद असताना पेटवायचा, आणि वारा जिकडे जातो त्या टोकाकडून. मग आग वाऱ्याला तोंड देत हळूहळू मागे सरकते, माती खोल भाजते, तणाचं बी मरतं. वारा येतो त्या बाजूने पेटवला, तर वरवर भडकून जातो आणि तण तसंच राहतं.

राही पाण्याला गेली होती. भर दुपार, वारा सुटलेला. मी काडी ओढली आणि वारा येत होता त्या बाजूची अख्खी कड पेटवत गेले. घटकाभरात खेळ खलास.

ती आली, उभी राहिली. मी ओट्यावरून बघत होते. कुणीतरी विडी टाकली असेल, हे उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. तिने विचारलंच नाही. खराटा आणि पाटी घेऊन रानात गेली. आठ दिवस उन्हात पाचोळा गोळा केला, दारोदार शेण मागितलं आणि राब पुन्हा रचला. ती काय करते ते बघायला मी रोज माळाकडे जायची. इकडे आमचा राब तसाच पडून. शेवटी पंढरीने एके दिवशी घाईने, भर दुपारी, वाऱ्याची बाजू न बघता पेटवून टाकला. घरात सांगायला मी होते कुठे?

आषाढात आमच्या वाफ्यात तण जास्त आणि रोपं पिवळी. राहीची रोपं काळीशार, तिला पुरून उरली. ती डोक्यावर जुड्या घेऊन आमच्या बांधावर आली.

"घ्या, बाय. माझी उरलीत. लावणी खोळंबवू नका."

नको म्हणायला तोंड उघडलं होतं. पण रिकामं खाचर समोर होतं. घेतली.

आश्विनात आमच्या बांधावरून जाणारा प्रत्येक जण म्हणायचा, "जनाबाय, तुमच्या भाताला जवाब नाय!" मी हसायची आणि आतून जळायची. माझ्याच शेतात उभं राहून मी तिच्यावर जळत होते.

या पौषात बायका म्हशाला निघाल्या. मी कोयता घेतला आणि ऐनावर चढले. पहिल्या दिवशीच तळहात सोलले, मान अवघडली. असं तिने पाच वर्षं केलं होतं. पहिला भारा नेऊन मी राहीच्या माळावर टाकला.

"ह्ये काय, बाय?"

"तुझा राब मीच पेटवला होता."

ती शेण पसरत होती, हात थांबला नाही.

"ठाव हाय. विडी पडली असती तर एका जागी पेटलं असतं. अख्खी कड वाऱ्याच्या अंगानं पेटवलेली. एवढं नीट बिघडवायला सासूबायकडंच शिकाया लागतं. आनि त्यांनी फकस्त आपल्या दोघींनाच शिकवलंय."

"मग रोपं का दिलीस गो?"

"लावणीच्या टायमाला खाचर ओस बघवत नाय मला. कुनाचं का असंना."

मला पुन्हा तिचा हेवा वाटला, आधीपेक्षा जास्त. सोललेले हात लुगड्याला पुसले आणि मी दुसऱ्या भाऱ्यासाठी रान चढू लागले.